एकेक जिन्नस

सिस्टरांनी आयुष्यभर माणसं उचलली. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलने त्यांना फुलांचा गुच्छ दिला आणि उजवा खांदा ठेवून घेतला. आता भरली किटली उचलायची तरी त्या आधी दात आवळत.

चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. गाडी नव्हती, पण तिच्यावाचून काही अडलंही नव्हतं. दर आठवड्याला दुकानाचा माणूस तेल, पीठ, बटाट्यांची जड पिशवी लिफ्टने आणून थेट ओट्यावर ठेवायचा. जाता जाता बरण्यांची घट्ट झाकणंही सैल करून द्यायचा.

मग लिफ्टशेजारी कागद चिकटला. ‘घरपोच माल आणणाऱ्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई.’ तो माणूस एकदोनदा जिन्याने आला. पुढे दुकानातूनच फोन आला, आता पिशवी खालीच ठेवू म्हणून.

सिस्टर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“लिफ्ट घाण होते हो,” सेक्रेटरी म्हणाले. “भाजीची माती, कसले कसले डाग.”

“तुम्ही गाडीतून पिशव्या आणता आणि लिफ्टनेच वर नेता. तुमची भाजी काय आभाळात पिकते?”

“ते आपलं घरचं सामान झालं.”

“बरं. म्हणजे डिकीतून आलं की सामान, आणि माणसाच्या पाठीवरून आलं की घाण.”

सेक्रेटरी हसले. “सिस्टर, रागावू नका. पण या वयात एकटं राहायचा अट्टहास कशाला? तुमचा भाऊ आहे की.”

भावाचाही फोन आला. “ताई, ये इकडे. मागची खोली तुझीच समज.”

ती खोली सिस्टरांनी पाहिली होती. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, मोडका पंखा होता, आणि दार आतून बंद होत नव्हतं. पिशवी वर चढत नाही म्हणून आपण आपलं घर सोडायचं? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, सिस्टर चिडल्या की त्यांचा आवाज खाली जातो.

“मला जागा आहे,” त्या हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या वेळी त्यांनी पिशवी मागवली ती सगळे कामावरून परततात त्या वेळेला. लिफ्टने खाली आल्या. पिशवीतून मिठाचा पुडा काढला, वर गेल्या, ठेवला. परत खाली. साबण. वर. खाली. काडेपेटी.

लिफ्टपाशी माणसं साचली. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी सिस्टरांकडे.

“आजी, द्या, मी नेतो पिशवी,” तिसऱ्या मजल्यावरचा मास्तर म्हणाला.

“आज न्याल. पुढच्या आठवड्यात कुणाला हाका मारू? मला उपकार नकोत, मास्तर. माझं सामान आणणारा माणूस लिफ्टमध्ये हवा.”

त्या लिंबू घेऊन वर गेल्या. एकच.

परत आल्या तेव्हा सेक्रेटरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे होते. एकीतले बर्फातले वाटाणे वितळायला लागले होते आणि फरशीवर थेंब पडत होते.

“हे काय चाललंय, सिस्टर?”

“घरचं सामान नेतेय. खांद्याला पेलतं तेवढंच.”

“अहो, लोक खोळंबलेत.”

“तुमच्यासाठी जिना आहे,” सिस्टर म्हणाल्या. “आणि तुमचं सामान गळतंय. फरशी घाण होतेय.”

मागे कुणीतरी हसू दाबलं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. वाकून त्यांनी लसणाचा एक गड्डा उचलला आणि लिफ्टचं दार ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बेल वाजली. दुकानाचा माणूस दारात होता. त्याला धाप लागली नव्हती.

“कागद काढलाय खालचा,” पिशवी ओट्यावर ठेवत तो म्हणाला. “सेक्रेटरी मनाने चांगले दिसतात.”

“चांगले कसले,” सिस्टर म्हणाल्या आणि बरणी त्याच्यापुढे सरकवली. “वाटाणे वितळले त्यांचे.”