शरयूकाकूंना न दिलेलं पत्र

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही, मुलाला तर नाहीच. रोज सकाळी देवापुढे बसते, पण तिथंही मी हे कधी तोंडानं बोललेली नाही. मनातलं देवाला कळतं म्हणतात. मग कळलं असेल. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, आणि समोर बसलेला नाहीत. बहुतेक एवढंच.

मी मीरा रोडला राहते. वकील नाही मी. बोरिवलीच्या एका वकिलांकडे बरीच वर्षं टायपिस्ट होते, तिथंच वारसाहक्काचे कागद करता करता शिकले. ते वारले तेव्हा मी घरीच काम सुरू केलं. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, प्रिंटर. आमच्या भागात अशी घरं ढीगभर आहेत — आईवडील इथं दोन खोल्यांत आणि मुलं मस्कतला, टोरांटोला, सिंगापूरला. वडील जातात आणि मग लक्षात येतं की फ्लॅट इथं आहे, बँकेचं खातं तिकडं आहे आणि सह्या करणारी माणसं तीन देशांत आहेत. एकाच माणसाचं पासपोर्टवर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. हे सगळं एका फाइलमध्ये आणून बसवायचं, हे माझं काम. आणि मी ते चांगलं करते — हे खोटं नाही. माझी एकही फाइल अडकलेली नाही.

शरयूकाकूंचीही अडकली नाही.

काकू सिल्व्हर पार्कात राहायच्या. तिसरा मजला, उंबऱ्यावर रांगोळीचं स्टिकर चिकटवलेलं. त्यांचे यजमान वसंतकाका मस्कतला एका कंपनीत हिशेबनीस होते, उभी हयात तिथं काढली आणि म्हातारपणी इथं आले. दोन मुलं. नितीन सिंगापूरला. आणि मीनल — ती शिकून मस्कतलाच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका केरळच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. काकांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढू दिलं नाही. ती दोघं पुढे कॅनडाला गेली. अकरा वर्षं. मध्ये एकदा तिनं फोन केला होता, काकांनी आवाज ओळखून ठेवून दिला. काकू तिथंच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. ‘मी पुढे झाले नाही गं,’ एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या. दोनतीनदा म्हणाल्या असतील. मी बापडी मान हलवायचे. तेव्हा मला कुठं माहीत होतं, की पुढे न होणं म्हणजे काय असतं ते?

काका गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. काकूंचं नाव नॉमिनी म्हणून होतं, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, नॉमिनी तो सिर्फ रखवाला होता है. बेटा-बेटी दोनों का हक्क छोड़ने का पेपर लाओ, फिर नाम चढ़ा देंगे.’ मस्कतची बँकही तेच मागत होती — सगळ्या वारसांच्या सह्या. नितीन चार दिवसांसाठी आला, सह्या करून परत गेला. राहिली मीनल. तिचा पत्ता भावाकडेही नव्हता. काकांच्या मस्कतच्या एका जुन्या मित्राला गाठून मी तिचा नंबर मिळवला.

वडील गेले हे तिला माझ्याकडून कळलं. चार महिन्यांनी.

तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘आई कशी आहे?’

ती म्हणाली, मला काही नको, म्हणाल तिथं सही करते. पण इथून कागद नाही पाठवत, मी येते. तिकडेच सही करीन. आईला भेटेन.

किती साधी गोष्ट होती! मुलगी येते म्हणतेय. आणि मी काय विचार केला? मी फाइलचा विचार केला. ती येणार, दोघी रडणार, आणि काकू म्हणणार की तिचाही वाटा राहू दे — एकदा तसं म्हणाल्याही होत्या त्या, भाजी निवडता निवडता. मग सगळे कागद नव्यानं. नितीनचे रोजचे मेसेज. मला तो त्रास नको होता. मी तिला सांगितलं, ‘काकूंचं म्हणणं आहे, आधी कागद होऊ देत. मग त्या स्वतः तुला फोन करतील.’

काकू असं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

महिन्याभरानं कुरिअरचं पाकीट माझ्या घरी आलं. आत कुलमुखत्यारपत्र — म्हणजे तिच्या वतीनं इथं कुणी सही करावी याचा कागद — भारतीय वकिलातीचा शिक्का मारलेलं, सगळं नीट. आणि त्यामागे घडी घातलेले दोन कागद. वर ‘आईस’.

मी ते वाचलं. वाचायला नको होतं ना? वाचलं.

सगळं सांगत नाही. माझं नाही ते. पण एक सांगते — तिनं लिहिलं होतं, ‘तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. खाली नंबर लिहिलाय. नुसता एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, परत फोनही करणार नाही. मला फक्त कळेल.’ आणि तिला मुलगी झाली होती, सहा वर्षांची. तिचं नाव शरयू ठेवलं होतं.

मी ते पत्र फाइलच्या मागच्या कप्प्यात सरकवलं. हक्क सोडल्याच्या कागदाचं रजिस्ट्रेशन होऊ दे, मग देऊ. तसं मी मनाशी म्हटलं, आणि तेव्हा ते खरंच होतं, असं मला वाटतं. पण आता मी माझ्या कुठल्याच वाटण्यावर विश्वास ठेवत नाही. परदेशातून आलेल्या कागदाला इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो, त्यात पाच आठवडे गेले. पाच आठवडे पत्र माझ्या कपाटात आणि काकू माझ्या घरापासून दहा मिनिटांवर.

रजिस्ट्रेशनला आम्ही भाईंदरला गेलो. काकूंनी इस्त्रीची मोतिया रंगाची साडी नेसली होती, फोटो काढतात म्हणून. आमचा नंबर यायचा होता. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी हळूच विचारलं, ‘पाकिटात अजून काही होतं का गं?’

मी म्हटलं, ‘नाही काकू. कागदच होते.’

त्यांनी मान हलवली. पदर सारखा करत म्हणाल्या, ‘ते पाकीट टाकलंस का? नसशील टाकलं तर मला दे. तिचं अक्षर असेल ना वरती.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाकीट नेऊन दिलं. हो — पत्र काढून घेतलेलं पाकीट, माझ्या हातानं. माझा पत्ता इंग्रजीत होता, पण कोपऱ्यात तिनं मराठीत लिहिलं होतं, ‘आईचे कागद’. काकूंनी चष्मा लावला, खिडकीपाशी गेल्या. म्हणाल्या, ‘ई ची शेंडी अजून तेवढीच लांब काढते बघ.’ आणि मला शिरा खायला घातला. मी खाल्ला.

त्यानंतर कसं द्यायचं? तोंडावर नाही म्हणून बसले होते. दिलं तर पहिला प्रश्न काय येईल? एकदा पर्समध्ये घालून गेले सुद्धा. परत येताना पर्समध्ये पत्र होतंच, वर कोथिंबीर वडीचा डबा होता. तिकडे ती मुलगी एका मिस्ड कॉलची वाट बघत होती. इकडे काकूंना वाटत होतं, लेकीनं सही पाठवली, शब्द पाठवला नाही. एकदा मला म्हणाल्या, ‘तिच्या मनात नसेल तर आपण कशाला नंबर मागायचा? नाही का?’ मला विचारत होत्या हो त्या. मी ‘हो ना’ म्हटलं.

दीड वर्षानं काकू गेल्या. हृदयविकार. दोन दिवस इस्पितळात, नितीन पोचला तो शेवटच्या दुपारी. मीनलला तुम्हीच कळवा म्हणाला, तर मीच कळवलं. ती म्हणाली, येते. ती विमानात होती त्या दिवशी, भर दुपारी, नवरा ऑफिसला असताना, मी पत्राचे बारीक तुकडे केले आणि ओल्या कचऱ्यात टाकले, चहाच्या चोथ्याखाली.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं, की मी एक पत्र दाबलं. पण ते नाही. म्हणजे तेही आहेच. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे, आणि इथपर्यंत येऊन मी पुन्हा घुटमळतेय, बघा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीनल माझ्याकडे आली. चाळिशीची बाई, केस पुढून पांढरे, चेहरा थेट काकूंचा. माझ्या त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसली. पिशवीतून तिनं ते पाकीट काढलं.

‘आईच्या कपाटात मिळालं,’ ती म्हणाली. ‘साड्यांच्या खाली. नीट जपून ठेवलं होतं. पण ताई, पत्र नाहीये त्यात. सगळं घर बघितलं.’

तिनं पाकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

‘तिला मिळालं होतं ना पत्र?’

इथं. इथं मला थांबायचंय जरा. कारण काकू गेल्या होत्या, त्यांचं नुकसान आता भरून येणार नव्हतं. पण ही जिवंत होती. माझ्यासमोर बसली होती. मी एक वाक्य बोलले असते — मीनल, ते पत्र मी तिला दिलंच नाही — तर ती माझ्यावर ओरडली असती, थोबाडीत मारली असती कदाचित, सगळ्या सिल्व्हर पार्काला सांगितलं असतं. आणि तिला तिची आई मिळाली असती. पाकिटावरच्या अक्षरांसाठी पाकीट मागून घेणारी आई.

मी म्हटलं, ‘हो. मीच नेऊन दिलं.’

‘वाचलं तिनं?’

‘वाचलं असेल ना.’

‘काही बोलली?’

‘नाही.’

ती पाकिटाकडे बघत बसली. पुन्हा एकदा आत बोट घालून बघितलं. मग ती म्हणाली, ‘म्हणजे फाडलं असणार.’

मी म्हटलं, ‘असेल.’

एवढंच. एक शब्द. चिडून नाही, घाबरूनही नाही — अगदी शांतपणे म्हटलं, कुणाला फाइलची तारीख सांगावी तसं. ती मान हलवत राहिली, तिच्या आईसारखीच. मग म्हणाली, ‘तिचा मिस्ड कॉल आलाय का, हे मी सवयीनं विमानतळावर पण बघत होते. पत्रात लिहिलेला तो नंबर मी बदलला नाही. फोनची कंपनी बदलली, नंबर नाही.’ आणि मग, ‘जाऊ दे. तिचा राग खराच होता.’

जाताना म्हणाली, तुम्ही आईसाठी खूप केलंत. आणि वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत.

काकू रागावलेल्या नव्हत्या. कधीच नव्हत्या. हे जगात एका माणसाला पक्कं माहीत आहे, आणि ते माणूस मी आहे.

मीनल दर दिवाळीला मला मेसेज पाठवते. मी उत्तर देते. गेल्या दिवाळीत तिनं लिहिलं, ताई, शरयूला शाळेत आजीवर लिहायचंय. मी तर शेवटची इतकी वर्षं आईला बघितलंच नाही. तुम्ही शेवटी शेवटी जवळ होतात, तुम्हीच सांगा ना, आजी कशी होती?

दोन दिवसांनी मी लिहिलं — ‘फार करारी होत्या. आतून प्रेमळ असतीलच, पण एकदा मनातून उतरलं की उतरलं. कोणाला दाखवायच्या नाहीत.’

मीनलचं उत्तर लगेच आलं. तिनं ते इंग्रजीत करून मुलीला सांगितलं होतं, आणि मुलीनं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं होतं.