पऱ्हाट्या जाळण्याचा नियम

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला होता: "गावाच्या हद्दीत कोणीही पऱ्हाट्या जाळू नयेत. जाळणाऱ्यास दंड होईल." मी चौथी शिकलेली, अक्षर लावत लावत वाचते. म्हणून दोनदा वाचला. नियम गरजेचाच होता. कापूस सरला की काही जण वाळलेल्या पऱ्हाट्या रानातच पेटवून देतात. बांधावरचे लिंब होरपळतात, आणि धुरानं आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं खोकून बेजार होतात.

पण आमची चूल पऱ्हाट्यांवरच चालते. आम्ही बाया दुसऱ्याचं रान उपटून देतो आणि त्या पऱ्हाट्या घरी आणतो. वर्षाचं जळण तेच. गॅसवर फक्त चहा होतो. कागदाप्रमाणे माझी रोजची भाकरीही गुन्ह्यात बसत होती.

थोरल्या जाऊबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, मग खा कच्चं पीठ. पण ग्रामसभेला त्यांनीच मला ओढत नेलं. मी खांबाआड बसले. हिला काहीतरी बोलायचंय, असं त्यांनी सांगून टाकलं आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. ग्रामसेवकांनी विचारलं तेव्हा मी खाली बघूनच म्हणाले, "साहेब, रान पेटवून देणं येगळं अन् चुलीत जाळणं येगळं. आमी चुलीत जाळतो."

धूर तर चुलीचाही होतो, असं मागून एकजण म्हणाला. ते खरं होतं.

"तुमच्या घरी भाकर उन्हात भाजायलेत का, भाऊजी?" जाऊबाई म्हणाल्या. लोक हसले.

ग्रामसेवकांनी तिथंच नवा मजकूर लिहिला आणि मलाच वाचायला दिला. शेतात पऱ्हाट्या पेटवू नयेत, चुलीसाठी नेण्यास मनाई नाही, नको असतील तर गरजूंना द्याव्यात. शेवटच्या ओळीला मी अडखळले.

"गरजू कोण, हे कोण ठरवणार?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तो शब्द खोडला आणि 'मागेल त्याला' असं लिहिलं.

त्या वर्षीही दोन-तीन रानं पेटलीच. पण ज्या मालकाशी मी कधी बोलले नव्हते, त्याच्या बांधावर जाऊन मी पऱ्हाट्या मागितल्या. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, "न्या. पण मुळासकट उपटा." आम्ही दोघी जावांनी तीन दिवसांत रान मोकळं केलं.