मेडियाची मुलं कोणी मारली?

म्युझियममधले पहारेकरी तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'राक्षसबाई'. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकतही नव्हती. दर रविवारी सकाळी ग्रीक दालनात ती लोकांना राक्षसांच्या गोष्टी सांगायची आणि मग एकेका राक्षसाची सालं सोलून आत काय आहे ते दाखवायची. एकडोळ्या राक्षसाची गोष्ट संपली की ती बुटक्या हत्तीच्या कवटीचं चित्र वर धरायची.

"कपाळाच्या मधोमध हे एवढं मोठं भोक. सोंडेची जागा आहे ती. पण ज्याने जन्मात हत्ती पाहिला नाही अशा मेंढपाळाला गुहेत ही कवटी सापडली, तर तो काय समजेल?"

"डोळा!" पुढच्या रांगेतलं एखादं पोर ओरडायचंच.

"सिद्ध कोणी केलेलं नाही हं. पण मनाला पटतं की नाही?"

बैलाच्या तोंडाच्या माणसाचंही तसंच. क्रीट बेटावर एक राजवाडा उकरून काढलेला आहे. भिंतींवर बैलाच्या पाठीवरून उड्या मारणारी माणसं रंगवलेली, आणि खोल्या इतक्या की आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडू नये. जुन्या गोष्टीतल्या सोनेरी लोकरीचं म्हणाल तर डोंगराकडचे लोक नदीत मेंढीचं कातडं अंथरून सोन्याचे कण धरत, असं जुने लोकच लिहून गेलेत. ती हे सगळं रंगवून सांगायची, पण तिचा खरा जीव अडकलेला असायचा शेवटच्या प्रश्नात. "गोष्टीच्या आत खरं काय होतं, ते शोधाच. पण त्याआधी हे विचारा, की ही गोष्ट अशीच सांगितली गेली, यात फायदा कोणाचा झाला?"

हा प्रश्न ती पुस्तकातून शिकली नव्हती. तो तिला सासरी मिळाला होता.

लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेज अर्धवट होतं. मुलगा झाला, बोलायला लागला, आणि मग तिने राहिलेल्या परीक्षा द्यायच्या ठरवल्या. सासूने त्या दिवसापासून तोंड फिरवलं. नवरा वरवर 'दे की' म्हणायचा, पण घरातलं एखादं काम त्याच्या अंगावर पडलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची. शेवटच्या पेपरच्या दिवशी त्याला स्वतःच्या शर्टाला इस्त्री करावी लागली. ती संध्याकाळी परतली तेव्हा मुलगा हंबरडा फोडत होता, दंडाला कसलंसं फडकं गुंडाळलेलं होतं. इस्त्री पलंगावर आडवी पडलेली. खालची चादर तपकिरी करपलेली.

ती पायातली चप्पलही न काढता पोराला घेऊन डॉक्टरकडे पळाली. मागून नवरा आला आणि तिने तोंड उघडायच्या आत डॉक्टरला म्हणाला, "उकळतं पाणी पडलं." तिथून घरी येईपर्यंत गोष्ट तयार होती. पेपर वाईट गेला, बाई डोकं फिरवून घरी आली आणि पोराच्या अंगावर पाणी फेकलं. सासू म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत." चादर तोवर नाहीशी झाली होती. धाकटी नणंद कोपऱ्यात उभी होती. तिने जी मान खाली घातली ती वर केली नाही.

पट्टी सुटायच्या आत तिला घराबाहेर काढलं. मुलगा त्यांच्याकडे राहिला. पोराच्या जिवावर उठलेल्या बाईला पोर कोण देणार? पुढे नातेवाइकांत पाण्याचं तेल झालं. मग असंही ऐकू आलं की तेल टाकून ती हसली होती. गोष्टी कशा वाढतात हे तिने पुढे कॉलेजात वाचलं, पण तोवर ते अंगावर घेऊन झालं होतं. एकदा ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलगा तिला बघून किंचाळला आणि आजीच्या मागे लपला. दंडावर हात ठेवून लपला. त्या दिवशी तिने रडणं सोडलं आणि डूख धरला.

तिला माफी नको होती. कोर्ट नको होतं, पैसाही नको होता. तिला एवढंच हवं होतं, की मुलाने एक दिवस बापाच्या समोर बसून त्याला विचारावं, आणि त्या माणसाला स्वतःच्या मुलासमोर मान खाली घालावी लागावी. या एका घासासाठी ती वर्षानुवर्षं भूक राखून होती. दुसरं लग्न केलं नाही. माहेरचं आडनाव पुन्हा लावलं. शिकली, परक्या देशांतली खोदकामं बघून आली, म्युझियमची व्याख्याती झाली. नणंद लग्न होऊन वेगळी राहायला लागल्यावर अधूनमधून चोरून फोन करायची. त्या घरात काय चाललंय ते तिच्याकडून कळत राहिलं. मुलगा नकाशे काढायच्या ऑफिसात लागला, त्याचं लग्न झालं, बापाला छातीचं दुखणं जडलं.

छातीचं ऐकल्यावर मात्र बाईंना घाई झाली. न विचारताच माणूस मरून गेला तर?

त्यांनी मुलाच्या ऑफिसच्या पत्त्यावर दोन पास पाठवले आणि त्या रविवारी मेडियाची चित्रं असलेला ग्रीक घडा निवडला.

तो आला. बापाचं नाक, बापासारखंच घड्याळ बघणं. बायको मात्र बडबडी होती, हट्टाने पुढच्या रांगेत जाऊन बसली. बाईंनी त्याच्याकडे न बघता सुरुवात केली.

"ही मेडिया. परदेशातून आलेली सून. हिच्या जोरावर जेसनने सोनेरी लोकर मिळवली. कोरिंथ शहरात संसार थाटला, दोन मुलं झाली, आणि मग त्याला राजाची मुलगी बरी वाटायला लागली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मेडियाने सूड म्हणून पोटची मुलं मारली. जगात आईच्या नावाने इतकी काळीकुट्ट गोष्ट दुसरी नाही. पण याहून जुनी म्हणावी अशीही एक हकीकत आहे. तिच्यात मुलं मारली ती गावकऱ्यांनी. देवीच्या देवळात आसरा घेतलेली मुलं. मग गावावर रोगराई आली, आणि कोरिंथचे लोक त्या मुलांसाठी दरवर्षी प्रायश्चित्त घ्यायला लागले. आता मला सांगा, आईने मारलं असेल तर गाव कशाला प्रायश्चित्त घेईल?"

"अय्या, खरंच की!" मुलाची बायको म्हणाली.

"गावाने नाटककाराला पैसे चारून खापर आईच्या माथी फोडून घेतलं, अशीही कुजबुज जुन्या टीकाकारांनी नोंदवली आहे. कुजबुजच आहे ती. पण फायदा कोणाचा झाला?"

"गावाचा!" आता अख्खं दालन म्हणालं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला नव्हता.

लोक पांगले. मुलगा उठून सरळ घड्यापाशी आला.

"आमच्या ऑफिसात एवढी माणसं," तो म्हणाला, "आणि पास आले ते माझ्याच टेबलावर. तुम्हीच पाठवले ना?"

"हो."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" त्याच्या बायकोने विचारलं.

"बाहेरच्या फलकावर नाव आहे त्यांचं. या म्हणजे माझी आई."

बायकोने तोंडावर हात ठेवला. बाईंनी इतक्या वर्षांत या क्षणासाठी केवढं काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकच वाक्य तोंडातून निघालं. "मी तुझ्यावर पाणी टाकलं नव्हतं."

"बरोबर. मेडियानेही मुलं मारली नव्हती." त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तुम्हीच शिकवलंत आत्ता. आजीने मला गोष्ट सांगितली त्यात आजीचा फायदा होता, मान्य. आता तुम्ही सांगताय. आता कोणाचा?"

दुसरी एखादी आई असती तर रडली असती, गळ्यात पडली असती, निदान हात तरी धरला असता. बाईंनी मुलाला श्रोत्यांमध्ये बसवलं, त्याच्या हातात सुरी दिली, तिला धार लावून दिली आणि मग स्वतःची मान पुढे केली. पुरावा दाखवायच्या आधी शंका शिकवून ठेवली. आणि पुरावा तरी कुठे होता? चादर तर गेली होती.

त्याच्या बायकोला राहवेना. "अरे पण पाणी म्हणजे... ते आपलं छप्पर?"

"तू गप्प बस गं."

"छप्पर म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"याच्या दंडाला मागच्या बाजूला डाग आहे ना, त्याला मी छप्पर म्हणते. अगदी घराच्या छपरासारखा आहे हो. दोन बाजू उतरत्या, वर टोक. मी याला म्हणते, आपलं स्वतःचं घर होईल तेव्हा होईल, छप्पर तर आधीच आहे!"

बाईंनी ती जखम भरलेली कधी पाहिलीच नव्हती. त्यांना आठवत होती ती फडक्याखालची, पट्टीखालची. त्यांचा आवाज आपसूक रविवारच्या व्याख्यानाचा झाला.

"पाणी वाहतं," त्या म्हणाल्या. "वरून पडलं तर ओघळत खाली येतं, थेंब उडवतं. पाण्याला बाजू नसतात. टोक तर नसतंच."

मुलाचा हात दंडाकडे गेला. डाग मागे होता, त्याला स्वतःला तो कधी नीट दिसला नसणार. घड्याची मागची चित्रं लोकांना दिसावीत म्हणून पाठीमागे आरसा लावलेला होता. बायकोने त्याची बाही वर सारली आणि त्याला खांद्याला धरून आरशाकडे पाठ करायला लावली. तो मान मुरगाळून बघत राहिला.

"ओ साहेब, काचेला टेकू नका!" पलीकडून पहारेकरी ओरडला.

बाईंनीही पाहिलं. शरीर वाढलं तसा डाग ताणला गेला होता, पण एक बाजू अजून सरळ होती, आणि टोक टोकच होतं.

"मग काय होतं ते?" मुलाने विचारलं. आता त्याच्या आवाजात ऑफिसातला कोरडेपणा नव्हता.

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. ते बोललं की जन्मभराचं ओझं उतरलं असतं. पण बोललं की पुन्हा ती त्यांचीच गोष्ट झाली असती, फायद्याची. आणि खरं सांगायचं तर त्यांना ओझं उतरवायचंच नव्हतं. ते त्या माणसाच्या ताटात नेऊन ठेवायचं होतं.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "घरी सगळे जेवायला बसलात की विचार. आई शेवटच्या पेपरला गेली होती त्या दिवशी बाबांच्या शर्टाला इस्त्री कोणी केली?"

बायकोने हवेत बोटाने छप्पर काढायला घेतलं आणि टोकाशी येऊन बोट थांबवलं.

"बाबांना बरं नसतं," मुलगा म्हणाला.

"ठाऊक आहे मला. म्हणूनच आत्ता विचार."

बाही खाली करता करता तो म्हणाला, "आजी म्हणते, तुम्ही दगड आहात."

"आजी जन्मात तेवढं एक खरं बोलली."

तो निघून गेला. बायको दारातून एकदा वळली, पण हात हलवावा की नाही हे तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. सकाळची वेळ, बाई भाजी चिरत होत्या.

"वहिनी, काय करून बसलात हे!" नणंद रडत होती की धापा टाकत होती, समजत नव्हतं. "मी नेमकी त्या दिवशी माहेरी होते. सगळे जेवत होते, आणि त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं. शर्टाला इस्त्री कोणी केली होती? आई घाईघाईने म्हणाली, 'पाणी पडलं होतं रे, पाणी.' तर हा म्हणतो, 'पाण्याचं मी विचारलंच नाही, आजी.' दादाचा घास हातातच राहिला. मग दादा म्हणाला, 'घाई होती. पलंगावर ठेवली होती, हा मागे सरकला.' एवढंच. आता पोरगा आणि सून भाड्याची खोली शोधताहेत. घराची राख झाली हो!"

"तुम्हालाही ठाऊक होतं ना, वन्सं?"

पलीकडून बारीक आवाज आला. "माझं लग्न व्हायचं होतं, वहिनी. घरात असलं काही निघालं असतं तर कोणी करून घेतलं असतं मला?"

बाईंनी सुरी बाजूला ठेवली. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नणंदेचीही पाळी येणार होती, पण आज नाही.

"दादा कसे आहेत?"

"कसे असणार? तब्येत तशी बरी आहे. पण पोरासमोर मान वर करत नाहीत. तो खोलीत आला की दादा उठून जातात."

"मान वर करत नाहीत?"

"नाही ना."

"अजिबात?"

"अहो नाही म्हणते ना!"

मुलगा काही त्यांच्याकडे आला नव्हता. फोनही नव्हता. येईल असं वाटण्यासारखं त्या दिवशी त्यांनी काही केलंही नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि पुढे कधीतरी वाटेलही, एखाद्या रिकाम्या दुपारी. आत्ता मात्र बाईंनी पायाने खुर्ची ओढली आणि ऐसपैस टेकून बसल्या.

"वन्सं, जरा पहिल्यापासून सांगा. कोण कुठे बसलं होतं? त्यांचं तोंड कसं झालं?"

नणंदेला सांगायला आवडायचंच. डोळे पुसून ती सुरू झाली. या खेपेला दादाच्या हातातून घास गळून पडला. मग ताट सांडलं. मग तो चक्क हुंदके द्यायला लागला, आणि भिंतीला धरून उभा राहिला. तो माणूस हुंदके देणारा नव्हता, हे बाईंना पक्कं माहीत होतं. मघाशी ताट सांडलेलं नव्हतं, हेही त्यांच्या लक्षात होतं.

"आणि मग?" त्यांनी विचारलं.