पाण्याला पाठ लावून

आमच्या घरात कुणी मुद्दाम डोंगर चढायला गेलेलं नव्हतं. सांगवीचं आमचं रान सपाट, सगळा ऊस, आणि चढ म्हणाल तर कालव्याच्या भरावापुरता. त्यामुळं मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी पन्नाशीच्या पुढच्या, बारामतीच्या एका ग्रुपबरोबर भीमाशंकरच्या डोंगरात पाच दिवस चालणार म्हटल्यावर घरात नुसती करमणूक झाली. ग्रुपची एक जीप सामान घेऊन रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जायची आणि थकलेल्यांना त्यात बसवायचे. हे कळल्यावर दीर म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी जीपमधनं माघारी येताय बघा." मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की पाचही दिवस पायीच चालणार, नाहीतर नाव बदलीन. मला असं बोलून बसायची खोडच आहे. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. त्या नुसत्या हसल्या.

तीन दिवस झकास गेले. लेकीची ट्रॅकपँट, वर रानात घालायचा मालकांचा जुना शर्ट, आणि पावसासाठी खताच्या पोत्याची खोळ, असा आमचा थाट. बाकीच्यांच्या महागड्या रेनकोटांना आमच्या खोळींची गंमत वाटायची.

चौथ्या दिवशी सकाळीच धुकं उतरलं आणि मागोमाग पाऊस कोसळायला लागला. आमचे म्होरके एक शाळामास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. सर म्हणाले, चालत राहू. पण गप्प बसेन तर ती मी कसली! मी म्हणाले, "सर, एवढा जोराचा हाय म्हंजी अर्ध्या तासात संपतोय. जरा आडोशाला थांबू." बारामती-इंदापूरकडं पाऊस असाच येतो. तासभर धिंगाणा घालतो आणि लगेच ऊन. माझा जन्म शेतात गेलेला, म्हणून माझ्या शब्दावर सगळी तेरा माणसं एका कातळाखाली बसली. अर्धा तास गेला, तास गेला. मी मधूनमधून "आता उघडतंय" म्हणत होते. दोन तासांनी आक्कांचे दात वाजायला लागले, आणि माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास राहिला नाही.

सर ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, आता खालच्या वाडीत लवकर पोचलंच पाहिजे. वाट बंद असली तर मागं वळून डांबरी रस्ता गाठू आणि जीप बोलावू. तुम्ही दोघी तिथूनच घरी. यांना थंडी भरलीय."

चूक माझी आणि शिक्षा आक्कांनाही. डोंगराच्या धारेवर वारा असा की पाऊस आडवा तोंडावर येत होता. मी आक्कांचा हात धरून चालत राहिले, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत.

दुपार कलताना खाली वाडी दिसली. छपरांमधून धूर निघत होता. पण भातखाचरांच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटेवरून मांडीएवढा लाल लोंढा वाहत होता. सर थांबले. "मागं फिरा." मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात सकाळपासून मुक्या असलेल्या आक्का म्हणाल्या, "हे पाणी वाटंचं न्हाय. वर कुठंतरी फुटलंय."

आम्ही दोघी खाचराच्या बांधावरून वर गेलो. खरंच, ओढा वळत होता तिथं त्याचा काठ दोन हात खचला होता आणि पाणी तिथूनच वाटेवर उतरत होतं. आयुष्यभर उसाला पाणी दिलेल्या बायका आम्ही, आम्हाला हे काय नवीन! आमच्याकडं पाण्याची चारी फुटली की एकानं फुटल्या जागी पाठ लावून बसायचं आणि दुसऱ्यानं भराव घालायचा. आक्का गारठलेल्या, शिवाय अंगानं मीच भरलेली, म्हणून मी बसले. पाणी बर्फासारखं होतं. खोरं नव्हतं, तर आक्कांनी जेवणाच्या ताटलीनं चिखल कापला. मग चिखल भरून आमच्या दोन्ही खोळींची परत पोती झाली. रेनकोटवाले हातोहात दगड द्यायला लागले. "डावीकडं दाब. हल जरा. बस तशीच!" आक्का मला लहान पोरीसारख्या हुकूम सोडत होत्या, आणि त्यांचे दात वाजायचे कधी थांबले ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

वाटेवरचं पाणी उतरून घोट्याला आलं. ओढा मुकाट्यानं आपल्या जागी गेला.

तेवढ्यात खाचराचा मालक खांद्यावर खोरं टाकून ओरडतच आला. भराव दिसल्यावर पायानं दाबून बघितला. "कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"बारामतीकडच्या."

"तिकडं पाऊस तरी पडतो का?"

"न्हाय की," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर पाण्याला धरून ठेवाय येतं."

चालतच वाडीत शिरलो. अंगभर चिखल होता आणि मला इतका आनंद झाला होता की मी चुलीपुढं बसून मोठ्यानं गाणी म्हटली. सुरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा टप्पा होता. सर रोज सगळ्यात पुढं चालायचे. त्या दिवशी ते बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आज पुढं तुम्ही दोघी." आक्का निघाल्या, त्यांच्यामागं मी, आमच्यामागं अकरा माणसं. पाऊस पडतच होता. म्हटलं, पडू दे.