डावीकडे ओढणारी गाडी

मिलिंद गेल्याचं मला मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. आमच्या क्लीनरूममध्ये फोन नेता येत नाही. तो लॉकरमध्ये ठेवायचा, पांढरा सूट चढवायचा आणि पुढचे चार तास जगाशी संबंध ठेवायचा नाही, ही पद्धत मला एरवी फार आवडते. त्या गुरुवारी दुपारी बाहेर येऊन फोन उघडला, तर वंदनावहिनींचे, म्हणजे मिलिंदच्या बायकोचे, तीन मिस्ड कॉल होते आणि ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. वर कुणाला तरी सोफा विकायचा होता, खाली कुणीतरी रविवारच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर घेत होतं, आणि मध्ये माझा मित्र. ‘दीर्घ आजाराने, न्यूनेन येथे, राहत्या घरी.’ मी ते तीनदा वाचलं. माझ्या माहितीप्रमाणे मिलिंद नागपूरला होता. सहा आठवडे झाले होते त्याला जाऊन. भावाच्या घराचं काम निघालंय म्हणाला होता, आणि मी इथून ‘संत्री खाऊन झाली असतील तर ये, शेडमध्ये कामं पडलीत’ असले मेसेज पाठवत होतो. तो उत्तरंही देत होता... माझ्या घरापासून सायकलनं पंधरा मिनिटांवर, अंथरुणात पडल्या पडल्या.

या पुरवणीसाठी त्याच्या आठवणी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे आणि मला सध्या गोड काही सुचत नाही. मला त्याचा राग आलेला आहे. स्वतःचाही आलेला आहे, पण त्याकडे यायला मला जरा वेळ लागेल.

आइंडहोवनमध्ये आम्ही बावीस वर्षं एकाच मजल्यावर काम केलं. चिप बनवणाऱ्या यंत्रांचं काम, जिथे केसाची जाडी हे फारच ढोबळ माप समजतात. तिथे एक नियम आहे, डच लोक त्याला चार डोळ्यांचा नियम म्हणतात. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं ते तपासून सही करायची. सही नसेल तर यंत्र पुढे सरकत नाही. मिलिंद करणारा, मी तपासणारा. तो हातानं चपळ, मी तोंडानं. माझ्या सहीसाठी लोक ताटकळतात अशी ऑफिसात माझी ख्याती आहे आणि मला तिचा, खरं सांगायचं तर, अभिमान होता.

सहा वर्षांपूर्वी मिलिंदनं टिलबर्गजवळच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून ती गाडी आणली. सत्तरच्या दशकातली अमेरिकन, तिकडचे कारखानदार मागच्या सीटवर रेलून फिरायचे त्यातली. जवळजवळ सहा मीटर लांब. पुढची सीट सलग, तिच्यावर माणूस पाय पसरून झोपेल एवढी, म्हणून आम्ही गाडीला पलंगच म्हणायला लागलो. इंजिन अवाढव्य आणि ताकद मात्र यथातथा, कारण त्या काळात धुराचे नियम आले आणि तिकडच्या इंजिनांचा जीवच काढून घेतला गेला. मिलिंदला तो परत घालायचा होता आणि तोही भंगारातून. नवा भाग विकत आणायचा नाही, एवढी एकच अट त्यानं स्वतःला घातली होती. इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो आले मोडीत निघालेल्या डिझेल व्हॅनमधून, हवा थंड करायचा रेडिएटर ट्रकचा, गॅसची टाकी एका टॅक्सीतली. टर्बो लावल्यावर इंजिनाला आतून जे ठोके बसतात ते पेट्रोलपेक्षा गॅसवर कमी बसतील, असं त्याचं गणित होतं आणि ते बरोबर निघालं. एक्झॉस्टचे पाइप त्यानं स्वतः कापून वेल्ड केले. आठवडाभर अणूंच्या हिशेबात बोलणारा हा माणूस शनिवारी पाइपवर हातोडी घालून म्हणायचा, “बसतंय की रे. अजून काय पाहिजे तुला?”

कुंड्यांतली रोपं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या डच माणसाची रिकामी शेड आम्हाला वापरायला मिळाली होती. शेडपासून फाटकापर्यंत दोनशे मीटरचा काँक्रीटचा खासगी रस्ता होता, फाटकाबाहेर सायकलींचा रस्ता आणि त्यापलीकडे गाड्यांचा. शनिवारी दहाला मी पोचायचो. चार डोळ्यांचा नियम मिलिंदनं तिथेही आणला. त्यानं काम करायचं, मी बघून वहीत सही करायची. “तुझी शेवटची सही झाल्याशिवाय ही फाटकाबाहेर जाणार नाही,” असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गमतीनं म्हणाला असेल. मी ते मनावर घेतलं, मी सगळंच घेतो. माझं घर मोठं आहे आणि त्यात मी एकटा असतो. बायको नऊ वर्षांपूर्वी वेगळी झाली. मुलगी अ‍ॅमस्टेलव्हीनला असते, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते, तेही दोन शब्दांत. कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. पुढचं समजायला ते लागेल.

शेवटच्या निरोपाच्या दिवशी त्याच्या पुतण्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं, मग इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केकचा एकेक काप. केक खाता खाता मंडळी गाडीबद्दल बोलायला लागली. एकानं सांगितलं, मिलिंदचे वडील कलेक्टरच्या गाडीवर ड्रायव्हर होते म्हणून त्याला गाड्यांचं वेड. दुसरा म्हणाला, छे, कॉलेजात त्यानं कुणाशी तरी पैज लावली होती. तिसरीला तो म्हणाला होता की डॉक्टरांनी हातांना व्यायाम सांगितलाय. सगळ्यांचे डोळे पाणावलेले. हीच मंडळी गणपतीत त्याला भंगारवाला म्हणायची आणि आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांपासून लांब बसवायची. त्याचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कारण विचारणाऱ्यांचा कंटाळा आला की तो प्रत्येकाला नवं कारण देत असे. मला म्हणाला होता, “मोठी आहे म्हणून घेतली. लहान लहान गोष्टी बघून डोळे गेले माझे.” तिथेच, कॉफीच्या टेबलाशी, वहिनींनी मला आजाराचं नाव सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. जानेवारीतच कळला होता. कुणालाही सांगायचं नाही अशी त्यानं त्यांना शपथ घातली होती, आणि त्या ‘कुणालाही’मध्ये मी होतो.

त्याला त्या गाडीतून शर्यती मारायच्या नव्हत्या. वहिनींना पुढच्या सलग सीटवर शेजारी बसवून एकदा इथल्या झीलंड प्रांतातल्या समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं, बस. जानेवारीत बाकी सगळं झालं होतं, फक्त ब्रेक राहिले होते. ब्रेक दाबला की पलंग डावीकडे ओढायचा. अडीच टनांची गाडी आणि तिला आपण दिलेला वाढीव जोर; मी सही दिली नाही आणि तेव्हा माझं बरोबर होतं. मार्चमध्ये त्याला दोष सापडला. उजव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा जुना रबरी पाइप आतल्या आत फुगून बंद होत आला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःची अट मोडली आणि दोन्ही बाजूंचे पाइप कोरे करकरीत आणले. त्याला घाई झाली आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही काँक्रीटवर दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहिले. मी शेजारी बसलो होतो.

“आता?” त्यानं विचारलं.

“अजून जाते थोडी डावीकडे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या काचेतून फाटकाकडे पाहिलं. “जाते का? बरं. बघू पुढच्या शनिवारी.”

असे शनिवार जात राहिले. इंजिनात एवढे बदल केले की गाडी सरकारी तपासणीला न्यावी लागते; मे महिन्यात त्यानं तारीख घेतली. मी म्हणालो, “आत्ताच कशाला? घाई काय आहे तुला?” त्यानं तारीख रद्द केली. हे मी त्याला विचारलं होतं, घाई काय आहे तुला... त्याच्या पँटचा पट्टा नव्या भोकावर गेला होता, उभ्यानं करायची कामं तो स्टुलावर बसून करत होता, आणि मी त्याला या वयात डाएट शोभत नाही म्हणून चिडवत होतो. यंत्रातला सूक्ष्म दोष शोधायचा पगार घेणारा माणूस मी. समोरचा माणूस गळून पाऊण झालेला मला दिसला नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्यानं काही काम काढलंच नाही. बराच वेळ तो नुसता स्टीअरिंगमागे बसून राहिला. मग दार उघडं ठेवून म्हणाला, “अनिल, आज करतोस का सही?” बावीस वर्षांत त्यानं सही कधी मागितली नव्हती, काम पुढे करायचा आणि थांबायचा. मी उगीच चाकाशी वाकलो, टायरवर हात फिरवला आणि म्हणालो, “नागपूरहून ये, मग बघू.” तो “हं” म्हणाला, खाली उतरला आणि त्यानं दार लावलं. ती आमची शेवटची भेट.

गेल्या महिन्यात एका शनिवारी वहिनींनी मला शेडवर बोलावलं. त्यांनी गाडी विकली होती आणि ती ताब्यात देताना कुणी माहितगार हवा होता. जुन्या अमेरिकन गाड्यांचा व्यापारी आला, विक्रेत्यांना मिळणाऱ्या, तपासणीआधीही गाडी रस्त्यावर नेऊ देणाऱ्या हिरव्या नंबरप्लेट घेऊन. इंजिन पाहून त्यानं शीळ घातली. मग सरळ मला विचारलं, ब्रेक कसे आहेत? मी म्हणालो, चांगले आहेत. वहिनी शेजारीच उभ्या होत्या आणि त्यांचं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे. इंजिन सुरू झालं, पलंग काँक्रीटवरून फाटकापर्यंत गेला. सायकलच्या रस्त्यावरून एक बाई पिशव्या लटकवून येत होती. ब्रेकचे दिवे लागले आणि गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. तसूभर हलली नाही. बाई पुढे गेली, गाडी उजवीकडे वळून रस्त्याला लागली.

“कधीपासून चांगले आहेत?” वहिनींनी विचारलं.

“मार्चपासून,” मी म्हणालो.

मार्चपासूनच. ते मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. गाडी फाटकाबाहेर गेली की माझे शनिवार संपणार होते, म्हणून मी ती सहा महिने तोंडानं डावीकडे नेत राहिलो. वहिनी रडल्या असत्या किंवा मला ताडताड बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्यांना माहीत होतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “मी मागे लागले होते. सही राहिली तर राहिली, आपण जाऊन येऊ म्हटलं. तर म्हणाले, राहू दे. अनिलला शनिवारी जायला दुसरी जागा नाही.”

त्याला किती दिवस उरलेत हे ठाऊक असताना त्यानं त्यातले शनिवार मला वाटून दिले आणि मला विचारलंही नाही. ही दया मी मागितली नव्हती. ती मला आता परतही करता येत नाही, आणि याबद्दल मी त्याला माफ करू शकेन असं वाटत नाही.

“मला जायचं होतं,” वहिनी रस्त्याकडे बघत म्हणाल्या. “त्यांच्याबरोबर. एकदाच.” मग पर्समधून शेडची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. “ही त्या आजोबांना देऊन टाका. मी परत इथे येणार नाही.”

त्यानंतर चार शनिवार झाले. दहा वाजता मी शेड उघडतो, स्टुलावर बसतो, रिकाम्या सहा मीटरकडे बघतो आणि बाराला कुलूप लावतो. म्हाताऱ्यानं दोनदा किल्ली मागितली. मी त्याला सांगितलंय, अजून थोडं काम राहिलंय.