डाव्या पायाचा बूट

आमची ललितावयनी साड्यांना फॉल-पिको करते. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर दारातच मशीन मांडलेली, हिंदमाताच्या दुकानांतून साड्यांची गाठोडी येतात नि पिको होऊन परत जातात. अठ्ठावीस वर्षं हेच. चष्मा लागला पण टाका अजून सरळ. आणि स्वच्छतेचं तर विचारू नका, तिच्या घरात धूळ पण परवानगी घेऊन येते.

सुशांत तिचा नवरा. फोर्टात एका हापिसात शिपाई होता. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. ह्याला चालायचा कंटाळा. हापिसातल्या एका साहेबांची जुनी रेसची सायकल होती ती घेऊन आला, आणि सायकलसोबत साहेबांचे बूट पण आले. ते बूट म्हंजे वेगळंच प्रकरण. तळवा फळीसारखा कडक, आणि खाली चवड्याच्या जागी प्लॅस्टिकचा एक तिकोनी तुकडा स्क्रूने बसवलेला. त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलमध्ये खट् करून अडकला की पाय नि सायकल एकच. सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. पहिल्या दिवशी ह्याला ते जमलं नाय आणि चाळीच्या दारात उभ्याउभ्या सायकलसकट आडवा झाला. अख्खी चाळ हसली. शेजारच्या रखमाकाकी वरून म्हणाल्या, "मेल्या, पाय बांधून घेतलंस तर पडतलस नाय तर काय?"

बुटांचं काम वयनीने आपल्याकडे घेतलं. पहिल्यांदा तिने ते बादलीत साबणाच्या पावडरीत भिजवले, ब्रश मारला आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवले. संध्याकाळी तळवा तोंड उघडून बसलेला. सुशांतने तो मोच्याकडून चिकटवून आणला. मग म्हणाला, "ललिते, साडी कशी सांभाळतेस, तसं कर." तेव्हापासून बादली बंद. आतली गादी काढून वेगळी सुकवायची. वरून ओल्या फडक्याने पुसायचं. आत पेपरचे बोळे कोंबायचे आणि गॅलरीत सावलीला ठेवायचे. क्लीटच्या फटीत बारीक खडी बसते, ती टूथब्रशने नाय निघाली तर शिवणाच्या सुईने काढायची. त्यासाठी एक सुई तिने वेगळीच ठेवली होती. फटीत खडा राहिला तर पाय पेडलमध्ये नीट बसत नाय, नीट सुटत पण नाय, हे सुशांतनेच तिला सांगितलेलं.

तो बूट हातात घेऊनच जिना उतरायचा, चालून क्लीट झिजते म्हणून. खाली शेवटच्या पायरीवर बसून घालायचा. उजवा पाय आधी अडकवायचा, डाव्याने लादीवर रेटा द्यायचा की निघाला. कुठे थांबला की टेकायचा तो पण डावाच. उजवा पेडलमध्येच. त्यामुळे घाण कायम डाव्या बुटाला. आणि वयनी ती घाण वाचायची, दुसरा शब्द नाय त्याला.

"आज लाल माती. शिवाजी पार्काला थांबलास."

"हां, पाच मिनिटं."

"चहा घेतलास. साखरेचा."

"ते पण बुटाला लागलंय काय?"

"तुझ्या तोंडाला लागलंय."

असं चालायचं दोघांचं.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. तिचे सासरे मिलमध्ये होते तेव्हापासून आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वयनीने मशीन पुसून हळद-कुंकू वाहिलं, कात्रीला वाहिलं, सायकलला झेंडूची माळ घातली. सुशांत बाजूला उभा. म्हणाला, "सगळ्यांना मिळालं, बुटांनी काय पाप केलंय?"

"पायातल्या वस्तूला कुंकू लावतात काय?"

"पायातली कुठे? हत्यार आहे ते. आत्ताच तर एवढं घासलंस, नवीन दिसतंय."

गॅलरीतून रखमाकाकी म्हणाल्या, "लाव गो बाये, नायतर रुसतलो तो." तिघंही हसले. वयनीने बूट पालथे करून दोन्ही क्लीटला हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. अक्षता कुंकवात चिकटल्या. त्यातल्या किती खाली पडल्या नि किती राहिल्या, ते तिने बघितलं नाय. सणाचा दिवस, पुरणाचा गॅस चालू होता.

रात्री पाऊस पडून गेला. सकाळी पाच वाजता सुशांत बूट हातात घेऊन उतरला. पुढे अनिश होता, परळच्या टॉवरमधला पोरगा, ह्याच्यासोबत सायकल चालवायचा. एवढ्या सकाळी रस्ता मोकळा, कुठे थांबायचं कारण नाय. हिंदमाताच्या पुलाखाली अनिशने मागे वळून बघितलं तर सुशांत दुभाजकाला आडवा पडलेला. हॉस्पिटलात नेलं, पण गेलाच होता. डॉक्टर म्हणाले हृदय पण बंद पडलंय, डोक्याला मार पण आहे, आधी काय झालं ते सांगता येणार नाय. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घरी आले. वयनीने पिशवी गॅलरीतल्या खिळ्याला लावली आणि तिकडे बघायचंच सोडलं.

सगळ्यांना वाटलं नवरा गेला म्हणून गप्प आहे. ते तर होतंच. पण तिच्या मनात तांदळाचा दाणा अडकला होता. आपण टाकलेली अक्षत क्लीटच्या फटीत राहिली, त्याने टाच वळवली, पाय सुटला नाय, आणि तो पहिल्या दिवशीसारखा उभ्याउभ्या पडला, फक्त ह्यावेळी दुभाजक होता. हे तिने कोणाला सांगितलं नाय. सांगणार तरी काय.

बाराव्या दिवशी दुपारी अनिश आला. बिचारा रडत होता. बोलता बोलता म्हणाला, "काकी, मला वाटतं काकांचा पाय निघालाच नाय. क्लीट कधी कधी असं करतात." त्याच्या मनात काय वाईट नव्हतं. वयनीने त्याला पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडलं. परत आली ती दारातच बसली.

रखमाकाकी तिथेच होत्या. म्हणाल्या, "उद्या तेरावा. दानाच्या नव्या चपला आणल्यात ना? मग ते जुने बूट आजच भायर काढ. दे माझ्याकडे, खाली टाकून येते." आणि त्यांनी पिशवी खिळ्यावरून काढली पण.

"थांबा," वयनी म्हणाली. "मी बघते आधी."

कारण तिला एकदम कळलं की दसऱ्याला पूजेच्या आधी बूट तिनेच पुसले होते. एक कण नव्हता ठेवला. म्हंजे कुंकू-अक्षता सोडून आता तळव्याला जे काय असेल ते तो गेला त्याच सकाळचं. पाय पेडलमध्येच राहिला असेल तर तळवा तसाच असणार. आणि हे वाचणारी दुनियेत ती एकटीच.

गाठ सुटेना, सुईनेच सोडवली. उजवा बूट आधी निघाला. वरून शिंतोडे, पण तळवा कोरा. स्क्रूच्या खाचेत कुंकू होतं आणि कुंकवात एक अक्षत, अख्खी. वयनीने सुईचं टोक त्या दाण्यापर्यंत नेलं नि मागे घेतलं. काकी म्हणाल्या, "काय झाला गो?"

मग डावा. तळवा दिसतच नव्हता. हिंदमाताचा तो काळा चिखल, पाणी ओसरल्यावर राहतो तो, टाचेपासून चवड्यापर्यंत दाबून बसलेला, वाळून कडक झालेला. त्यात दसऱ्याचा तुडवलेला झेंडू नि आपट्याचं एक पान. नुसता पडलेला पाय एवढा चिखल घेत नाय. अंगाचा सगळा भार देऊन टेकवावा लागतो.

"काकी, पाय सुटला होता त्याचा," वयनी म्हणाली. "टेकून उभा होता तो."

आणि मग ती जी रडली, बारा दिवसांत तशी रडली नव्हती. काकींना वाटलं मोकळी झाली. झाली पण असेल. पण मागाहून तिनेच सांगितलं, दाण्याचं ओझं उतरलं तेवढ्यात दुसरं कळलं. मोकळ्या रस्त्यावर तो थांबला, म्हंजे छातीत काहीतरी झालं ते त्याला समजलं होतं. पाय काढून, टेकून, जरा दम घेऊ म्हणून उभा राहिला असेल. अनिश पुढे गेलेला. आजूबाजूला सगळी दुकानं बंद, ज्यांच्या साड्या घरी तिच्या मशीनवर पडल्या होत्या. हाक मारायला कोण नव्हतं.

मग तिने फडकं ओलं केलं. उजवा बूट पुसला, गादी काढली, सुईने खाचेतलं कुंकू काढलं, अक्षत तुळशीत टाकली. आत पेपरचा बोळा घालून सावलीला ठेवला, नेहमीसारखा.

"दुसरो दे," रखमाकाकी म्हणाल्या, "तो मी पुसतंय. तुझे हात दुखतले."

वयनीने दिला नाय. तेराव्याला नव्या चपला दानात गेल्या, उजवा बूट अनिशने आठवण म्हणून मागितला, त्याला दिला. डावा मशीनच्या खणात आहे, फॉलच्या कपड्यात गुंडाळलेला. चिखल आता सुटायला लागलाय, पण तिने तो धुतलेला नाय.