टाचेवरचा डाग

डाग शोधणं हा माझा धंदा. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात मी आधी कांद्याच्या गोण्या उचलल्या, मग दलालाकडे राबलो, मग द्राक्षाचा व्यापारी झालो. मागे कोणी नव्हतं. उभा प्लॉट, म्हणजे वेलीवरचा सगळा माल, घ्यायला गेलो की ओळीत वाकून शिरायचो, उन्हापासून जपायला घडावर लावलेला कागद वर करायचो आणि करपलेला एखादाच मणी तोडून शेतकऱ्याच्या नाकासमोर धरायचो. त्या एका मण्यावर सगळ्या प्लॉटचा भाव खाली यायचा. माझ्या नजरेला बाजारात मान होता. शेतकरी माझ्यामागे काय बोलायचे ते मला ऐकू येत नव्हतं असं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. निफाडच्या बाजूला एक शेतकरी होता, माझ्याहून वयानं मोठा. सगळे त्याला आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. हंगामातला माझा पहिला सौदा त्याच्या बागेत व्हायचा. बागेत शिरताना चपला बांधावर काढायच्या, हा त्याच्या घरचा नियम. मजूर असो की व्यापारी, सगळे अनवाणी.

त्या वर्षी मी तीन घडांत डाग काढले आणि लिंबाखाली मांडी घालून बसलो. दोन दलाल होते, तोडणीचे गडी होते. मी बोलत होतो आणि आबा माझ्या पायाकडे बघत होते. मध्येच म्हणाले, “शेठ, माझ्या मालाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या टाचंला काय हाय ते बघितलं का? मागच्या साली एवढं नव्हतं. डाक्टरला दाखवा.”

गडी हसले. एक दलाल म्हणाला, “आबांनी शेठचाच माल नापास केला.”

माझं डोकं फिरलं. भाव चालू असताना माणूस जे बोलतो ते भावासाठीच बोलतो, हे मी गोण्या उचलत असल्यापासून शिकलो होतो. कोणाची बायको आजारी असते, कोणाच्या मुलीचं लग्न असतं, कोणाकडे कालच दुसरा व्यापारी येऊन जास्त बोलून गेलेला असतो. मी कशालाही भुललो नव्हतो, म्हणून उभा राहिलो होतो. हा म्हातारा तर थेट माझ्या अंगावर आला होता, तेही चारचौघांत. मी म्हणालो, “तीळ आहे तो, जन्माचा. त्याच्या जोरावर तुमच्यासारख्या पन्नास जणांचा माल उचललाय मी.” आणि बांधावर जाऊन चपला घातल्या, त्या घालूनच त्याच्या बागेतून आडवा चालत रस्त्याला लागलो. पुढची सगळी वर्षं त्याचा माल घेतला नाही. दुसऱ्यांनीही घेऊ नये म्हणून त्याच्या मालाबद्दल बाजारात जे बोलायचं ते बोललो. त्याच्या द्राक्षांत तसं काही नव्हतं.

तिळाचं खरं होतं. माझी आई सटाण्याकडची. “तुना तळपायले तीळ शे,” असं ती माझ्या लहानपणी तिच्या अहिराणीत म्हणायची. असा माणूस एका जागी बसत नाही, फिरतो आणि फिरून कमावतो, अशी तिकडची समजूत. मी फिरलो आणि कमावलं, मग ती समजूत खोटी कशी म्हणणार? तीळ मोठा व्हायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं. धंदा वाढला तसा तीळ वाढला, असं मी बायकोला हसत सांगितलं होतं. तिला ते आवडलं नाही. दाखवून या म्हणून ती दोन-तीनदा मागे लागली आणि दर वेळी मी तिच्यावर खेकसलो.

लोकांना वाटतं मला दिसलं नाही. मला सगळं दिसलं होतं. मसुरीएवढा गोल तीळ रुपयाएवढा झाला. त्याची एक कड ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरली. अर्धा भाग काळा, अर्धा तपकिरी, एका जागी निळसर झाक. असा मणी दिसला असता तर मी घड फेकून दिला असता. आबांच्या त्या बोलण्यानंतर तीनेक वर्षांनी तो चिरला आणि रक्त आलं. मी म्हटलं कुरूप झालं असेल. वजरीनं टाच घासली, कुरुपाच्या पट्ट्या लावल्या, हळद भरली. जखम भरायची नाही. मोजा चिकटून बसायचा.

शेवटी मुलीनं गाडीत बसवून नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. त्वचेचा कॅन्सर निघाला. मी डॉक्टरीणबाईंशी वाद घातला. हा रोग उन्हानं होतो असं ऐकलं होतं, तळपायाला कुठलं ऊन? त्यांनी शांतपणे सांगितलं की उन्हापासून जपायचंच, बाह्या लांब ठेवायच्या, डोक्यावर रुंद टोपी घालायची, भर दुपार टाळायची. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हा रोग पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी निघतो, तळव्यावर किंवा नखाखाली. आणि तिथे कोणी बघत नाही.

ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे. त्यांनी पेनानं टाचेवर गोल काढला. डाग रुपयाएवढा आणि गोल बशीएवढा. मी म्हणालो, “एवढं कशाला? निम्मं काढा.”

“इथे घासाघीस नसते,” ते म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी आला असतात तर थोडक्यात भागलं असतं.”

टाच गेली, मांडीची कातडी काढून तिथे लावली. जांघेतल्या गाठीही काढाव्या लागल्या, रोग तिथवर पोचला होता. जीव वाचला. पण तो पाय दुपारनंतर सुजून खांबासारखा होतो आणि ओळींतून चालणं संपलं. चालणं म्हणजेच माझा धंदा होता. आता मी पॅकिंगच्या शेडमध्ये खुर्चीवर बसतो आणि दुसऱ्यांनी बघून आणलेल्या मालावर चिडतो.

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, उजेडात बसून सगळं अंग बघतो. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. नखाखाली नवी काळी रेघ आहे का तेही. पाठ बायको बघते. नवा डाग, बदललेला डाग, दोन बाजू सारख्या नसलेला डाग, न भरणारी जखम, जुन्या भाजल्याच्या वणावर पडलेली भेगसुद्धा, काही दिसलं तर वाट बघायची नाही. दहा मिनिटांचं काम आहे. ती दहा मिनिटं माझ्याकडे तेव्हाही होती.

बरा झाल्यावर आबांकडे गेलो. चूक कबूल करायची असं ठरवून गेलो होतो. ओसरीवर बसलो, चहा आला, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणालो, “आबा, एकदा सांगितलं ते चारचौघांत. मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलं? घरी का नाही आलात?” खरं सांगायचं तर हा राग माझ्या मनात अजून आहे.

आबांच्या थोरल्या भावाच्या अंगठ्याला नखाखाली असंच काळं झालं होतं. ठेच लागली असेल म्हणून घरच्यांनी सोडून दिलं आणि भाऊ गेला, हे त्यांनी मला त्या दिवशी प्रथम सांगितलं. मग म्हणाले, “तुमच्याशी बोलायचं तर हातात काही तरी विकायला लागतं, शेठ. त्या दिवशी माल होता, म्हणून बोललो. नंतर तुम्ही माल घेतलाच नाय. काय घेऊन येणार होतो तुमच्या दारात?”

माझ्यापाशी प्रत्येक भावाला उत्तर असायचं. चहा संपवला, काठी घेतली आणि उठलो. माफीचा शब्द तसाच राहिला. नंतर कितीदा तरी त्यांच्या गावावरून गाडी गेली, मी थांबवली नाही.

ते रस्त्यापर्यंत सोडायला आले होते. माझ्या पायाकडे बघून त्यांनी विचारलं, “दुखतं का?”

मी नाही म्हणालो. तेही खरं नव्हतं.